जहाजांना न दिसलेली खाडी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सॅन फ्रान्सिस्को हे नाव आता मराठी घरांना परकं राहिलेलं नाही. मुलगा किंवा मुलगी तिकडे नोकरीला आणि आई-वडील काही महिन्यांच्या मुक्कामाला, हे पुण्या-ठाण्यात, नाशिक-सांगलीत आता नेहमीचंच झालं आहे. तिथे गेलं की पहिल्या आठवड्यात गोल्डन गेट पूल बघून होतो, दुसऱ्या आठवड्यात त्या नागमोडी रस्त्यावर उभं राहून फोटो काढून होतात आणि मग सोमवार ते शुक्रवार, मुलं कामावर गेल्यावर, करायचं काय हा प्रश्न उरतो. अशा मंडळींसाठी, आणि इथे बसून जग समजून घेणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठी, आज मी एका डोंगरधारेविषयी बोलणार आहे. तिचं नाव स्वीनी रिज.

सॅन फ्रान्सिस्को शहराच्या दक्षिणेला, एका बाजूला सॅन ब्रुनो आणि दुसऱ्या बाजूला पॅसिफिका या दोन गावांच्या मध्ये ही धार पसरलेली आहे. उंची जेमतेम १,२०० फूट. सह्याद्रीत असती तर तिला कुणी धड नावही दिलं नसतं. वर गड नाही, देऊळ नाही, तळं नाही. पण माथ्यावर उभं राहून पश्चिमेला पाहिलं की पॅसिफिक महासागर दिसतो आणि नुसती मान वळवली की पूर्वेला सॅन फ्रान्सिस्कोची खाडी. नकाशात तिला उपसागर म्हणतात, पण कोकणातला माणूस तिला खाडीच म्हणेल. आतून सॅक्रामेंटो आणि सॅन वाकीन या नद्यांचं गोडं पाणी येतं, बाहेरून भरतीचं खारं पाणी शिरतं आणि मध्ये एक अरुंद तोंड. फरक एवढाच, की ही खाडी अफाट आहे. जगातल्या उत्तम नैसर्गिक बंदरांत तिची गणना होते.

आता गंमत ऐका. एवढी मोठी खाडी युरोपातल्या दर्यावर्दींना सव्वादोनशे वर्षं सापडली नाही. १५४२ मध्ये काब्रियो या किनाऱ्यावरून गेला. १५७९ मध्ये इंग्रज फ्रान्सिस ड्रेक इथून जवळच थांबला. १६०२-०३ मध्ये विस्काइनोने किनाऱ्याची पाहणी केली. फिलिपिन्समधल्या मनिलाहून मेक्सिकोला माल नेणारी स्पॅनिश गलबतं तर १५६५ पासून या किनाऱ्याने खाली उतरत होती. त्यांतलंच एक, सेर्मेन्यो नावाच्या कप्तानाचं, १५९५ मध्ये थोडं उत्तरेला वादळात फुटलं. तो आणि त्याची माणसं एका लहान होडीतून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला आली. म्हणजे खाडीच्या तोंडावरूनच आली असणार. त्यांनाही ती दिसली नाही.

माझ्याबरोबर त्या वाटेवर आलेल्या एक काकू मूळच्या मालवणकडच्या. त्यांना हे काही केल्या पटेना. “अहो, एवढं पाणी दिसलं नाही म्हणजे काय? डोळे मिटून वल्हवत होते का?” त्यांनी मला विचारलं. प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर त्या डोंगरधारेवरच मिळतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

खाडीचं तोंड, म्हणजे आज जिथे तो लाल पूल उभा आहे ती सामुद्रधुनी, सर्वांत अरुंद ठिकाणी साधारण दीड-पावणेदोन किलोमीटर रुंद आहे. दूर समुद्रातून पाहणाऱ्याला ती फट रिकामी दिसत नाही. तिच्या बरोबर मागे एंजल आणि अल्कट्राझ ही बेटं आहेत आणि त्यांच्याही मागे पलीकडच्या काठावरचे डोंगर. समोरचा डोंगर, मधली बेटं आणि मागचा डोंगर असं एकावर एक रचून सलग किनारा असल्याचा भास होतो. दारापुढे आडवा पडदा धरावा, तसं. बरं, जवळ जाऊन पाहावं, तर खडकाळ किनारा आणि अनोळखी प्रवाह. शहाणा कप्तान अशा ठिकाणी जहाज लांबूनच हाकतो.

आणि या सगळ्यावर धुकं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर वसंत-उन्हाळ्यात वारा पृष्ठभागावरचं पाणी बाहेर ढकलतो आणि त्या जागी खोलातलं थंड पाणी वर येतं. समुद्रावरून येणारी दमट हवा त्या थंड पाण्यावरून वाहताना गार होते आणि तिचं धुकं बनतं. आतल्या खोऱ्यांत त्याच वेळी कडक ऊन असतं, तिथली हवा तापून वर जाते आणि तिची जागा घ्यायला हे धुकं डोंगरांच्या खिंडींतून आत ओढलं जातं. आपल्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात ढग चढून येतात ना, दिसायला तसंच, फक्त पाऊस नाही. जून-जुलैत तिथे गेलेल्या आपल्या मंडळींना स्वेटर विकत घ्यावा लागतो तो याच कारणाने. शरद ऋतूत मात्र धुकं ओसरतं आणि हवा स्वच्छ होते.

म्हणजे ही खाडी दिसायला दोन गोष्टी हव्या होत्या. माणूस पाण्यावर नको, डोंगरावर हवा, आणि तोही शरदात. १७६९ च्या नोव्हेंबरात हे दोन्ही जुळून आलं. जुळवून आणलं असं मात्र कुणी म्हणू नये, कारण ज्यांनी ती पाहिली ते वाट चुकलेले होते.

त्याचं असं झालं. रशियन लोक अलास्काकडून खाली सरकतील या धास्तीने स्पेनच्या राज्यकर्त्यांनी कॅलिफोर्नियाचा उत्तर भाग ताब्यात घ्यायचं ठरवलं. विस्काइनोने दीडशे वर्षांपूर्वी माँटेरे नावाच्या बंदराचं फार गोडवे गाऊन वर्णन केलं होतं. तिथे ठाणं बसवायचं होतं. गास्पार दे पोर्तोला हा कातालान अधिकारी १४ जुलै १७६९ रोजी सॅन दिएगोहून साठ-बासष्ट माणसं आणि खेचरांचा तांडा घेऊन पायी निघाला. बरोबर शिपाई होते, कोस्तान्सो नावाचा इंजिनिअर होता, क्रेस्पी नावाचे पाद्री होते आणि खालच्या कॅलिफोर्नियातले ख्रिस्ती झालेले इंडियनही होते. वाट काढण्याचं, झाडोरा तोडण्याचं काम पुष्कळसं त्यांनीच केलं, पण नावं राहिली ती इतरांची.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला ही मंडळी माँटेरेच्या किनाऱ्यावर खरोखर पोचली होती! पण विस्काइनोने रंगवलेलं चारी बाजूंनी सुरक्षित बंदर त्यांना दिसेना. समोर होता उघडा, वारा खाणारा किनारा. हे ते नव्हेच, असं म्हणून ते आणखी उत्तरेला निघाले. वाटेत स्कर्व्हीने माणसं आजारी पडली. ताजी फळं-भाजी न मिळाल्याने होणारा हा रोग, हिरड्या सुजतात, सांधे धरतात, चालवत नाही. आजाऱ्यांना खेचरांवर बांधून नेत होते. रसद संपत आली होती. किनाऱ्यावर गोळा केलेले शिंपले आणि वाटेतल्या वस्त्यांनी दिलेलं अन्न, यावर दिवस चालले होते.

ऑक्टोबरच्या अखेरीला ते आजच्या पॅसिफिकाजवळ आले आणि किनाऱ्याची वाट बंद झाली. समुद्रात थेट उतरणारा कडा आडवा आला. आजही त्या जागेला डेव्हिल्स स्लाइड म्हणतात. तिथला रस्ता वारंवार ढासळत असे, शेवटी २०१३ मध्ये डोंगरातून बोगदे काढून वाहतूक आत वळवली. पोर्तोलाकडे बोगदा नव्हता. त्याने डोंगर चढला. ३१ ऑक्टोबरला त्या चढावरून त्यांना समुद्रात फॅरलोन बेटं दिसली आणि दूर उत्तरेला पॉइंट रेयेसचं टोक. मनिलाच्या गलबतांसाठी १७३४ मध्ये छापलेल्या मार्गदर्शक पोथीत या खुणा दिलेल्या होत्या. पोथी आणि किनारा ताडून पाहिल्यावर कळलं, की आपण माँटेरे कधीच मागे टाकलं आहे.

डोंगर उतरून त्यांनी पलीकडच्या सॅन पेद्रो खोऱ्यात तळ ठोकला. ओर्तेगा नावाच्या हवालदाराला काही स्वार देऊन पॉइंट रेयेसपर्यंत वाट शोधायला पाठवलं. तळावर खायला काही उरलं नव्हतं, म्हणून २ नोव्हेंबरला काही शिपाई हरणाच्या शिकारीला पूर्वेकडच्या डोंगरावर गेले. ते परतले आणि सांगू लागले, की पलीकडे समुद्राचा एक प्रचंड फाटा आत घुसलेला आहे. दुसऱ्या दिवशी रात्री ओर्तेगा बंदुकीचे बार काढत परतला. त्याच्या माणसांना वाटेतल्या लोकांनी खाणाखुणांनी काहीतरी सांगितलं होतं आणि यांनी त्याचा अर्थ लावला, की दोन दिवसांच्या वाटेवर बंदर आहे आणि तिथे जहाज उभं आहे. जहाज म्हणजे रसद! उपाशी माणसाला खुणेतून काय ऐकू येईल, याचा यापेक्षा बोलका दाखला शोधून सापडणार नाही.

४ नोव्हेंबर १७६९ ला सगळा तांडा ती धार चढला. हीच ती स्वीनी रिज. समोर खाडी पसरलेली. आपल्याला वाटेल, टोप्या हवेत उडाल्या असतील. तसं काही झालं नाही. त्यांना हवं होतं माँटेरे आणि रसदीचं जहाज. हे पाणी म्हणजे पॉइंट रेयेसच्या वाटेत आलेला अडथळा. ते धार उतरून दरीने दक्षिणेला गेले आणि आजच्या पालो आल्टोजवळ एका ओढ्याकाठी थांबले. ओर्तेगा खाडीला वळसा घालून पलीकडे जाऊन आला. जहाज नव्हतं. ११ नोव्हेंबरला सर्वांनी बसून ठरवलं, की परत फिरायचं. परतीच्या वाटेवर पुन्हा माँटेरेला आले आणि पुन्हा ते ओळखलं नाही. रोज एक खेचर मारून खात २४ जानेवारी १७७० ला सॅन दिएगोत पोचले. माँटेरे सापडलं ते त्याच वर्षी, दुसऱ्या खेपेला.

खाडीचं महत्त्व ध्यानात यायला आणखी काही वर्षं जावी लागली. ५ ऑगस्ट १७७५ ला ‘सान कार्लोस’ हे जहाज पहिल्यांदा तोंडातून आत शिरलं. आधी डोंगरावरून पाणी दिसलं, मग त्या पाण्याचं दार शोधलं गेलं. १७७६ मध्ये तिथे लष्करी ठाणं आणि मिशन उभं राहिलं. ‘सॅन फ्रान्सिस्को’ हे नावसुद्धा आधी पॉइंट रेयेसजवळच्या दुसऱ्याच एका लहान उपसागराचं होतं, ते सरकत सरकत या खाडीला चिकटलं.

माथ्यावर १९६८ पासून या जागेला ‘सॅन फ्रान्सिस्को खाडीचं शोधस्थळ’ म्हणून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा आहे. ‘शोध’ हा शब्द आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. वास्को द गामाने भारताचा शोध लावला, हे वाक्य आपण सर्वांनी पाठ केलं. कालिकतच्या बाजारात मिरी विकत बसलेल्या माणसाला १४९८ मध्ये आपला शोध लागला हे कळलं असतं, तर तो काय म्हणाला असता? आणि वास्को द गामा तिथे पोचला तोही आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मालिंदीहून घेतलेल्या वाटाड्याच्या भरवशावर.

स्वीनी रिजवर हेच. त्या खोऱ्यात पोर्तोलाचा तळ पडला तिथे प्रुरिस्ताक नावाची वस्ती होती. तिथल्या लोकांना आरामाई म्हणत. ओलोन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या समूहातले हे लोक. त्यांच्या पूर्वजांना खाडी हजारो वर्षं माहीत होती. तिच्या काठावर त्यांनी शिंपल्यांच्या कवचांचे टेकाडांएवढे ढीग रचले होते. ओकची बोंडं कुटून, पाण्यात धुऊन त्यांतला कडवटपणा काढायचा आणि पिठाची पेज किंवा भाकरी करायची, ही त्यांची रोजची रीत. या प्रवासात ठिकठिकाणी अशा लोकांनीच पाहुण्यांना खाऊ घातलं, बियांच्या पिठाचे गोळे आणून दिले, पुढची वाट दाखवली. ते जर हात आखडून बसले असते, तर तांडा त्या धारेपर्यंत पोचला असता का, याची मला शंका आहे.

पुढे काय झालं? १७८६ मध्ये मिशनने प्रुरिस्ताकच्याच जागेवर आपली शेती आणि गुरांची वाडी उघडली. लोकांना मिशनमध्ये आणून वसवलं. नवे रोग आले, त्यांच्या साथी आल्या, आणि दोन-तीन पिढ्यांत वस्त्या ओस पडल्या. आज पॅसिफिकात त्या ठिकाणी सांचेझ आडोबी नावाचं मातीच्या विटांचं जुनं घर जतन केलेलं आहे, ते त्यानंतरच्या मेक्सिकन काळातलं. ओलोन वंशज मात्र संपलेले नाहीत. ‘शोध’ या शब्दावर ते बोलतात, आणि बोलावं असंच आहे. माझं मत विचाराल तर शिळेवरचा शब्द खोडण्यापेक्षा तिच्याशेजारी प्रुरिस्ताकची गोष्ट तेवढ्याच मोठ्या अक्षरांत सांगावी. डोंगर चढून आलेल्या पोराटोरांना दोन्ही कळलं पाहिजे.

त्यांची एक खूण अजून डोंगरावर दिसते, खरं म्हणजे न दिसण्यातून दिसते. ओलोन लोक गवताळ उतार ठरावीक काळाने जाळत. त्यामुळे पुढच्या हंगामात खाण्याजोग्या बियांचं गवत जोमाने येई, झुडपं माजत नसत. आपल्याकडे भातासाठी राब भाजतात, त्याची आठवण व्हावी. स्पॅनिश रोजनिशांत जळलेल्या गवताचा आणि त्यामुळे खेचरांना चारा न मिळाल्याचा उल्लेख येतो. ते जाळणं थांबलं, नंतरची गुरांची चराईही थांबली, आणि आज उतारांवर कायोटी ब्रश नावाचं दाट झुडूप आहे. पोर्तोलाने पाहिला तो डोंगर अधिक मोकळा होता.

आता प्रत्यक्ष वाटेविषयी. सॅन ब्रुनोच्या बाजूने स्नीथ लेन नावाचा रस्ता वर येतो. गाडी फाटकापाशी ठेवायची. तिथून पुढे गाड्यांना बंदी, पण वाट डांबरी आहे. माथा साधारण तीन किलोमीटर. चढ मधेमधे दम काढतो, पण पर्वती चढणाऱ्याला जमेल. या डांबरी वाटेच्या मधोमध एक पिवळा पट्टा रंगवलेला आहे. मला आधी वाटलं सायकलवाल्यांसाठी असेल. तो धुक्याचा पट्टा आहे. वर धुकं उतरलं की चार हातांवरचं दिसत नाही, तेव्हा पायाखालचा तो पट्टा धरून माणसं चालतात. मी गेलो त्या दिवशी अर्ध्या वाटेपासून तेच करावं लागलं. काकू पुढे, मी मागे, आणि बोलणं सोडलं तर एकमेकांचा पत्ता नाही.

वाट सुरू होण्याआधी, गावातून वर येताना आपण आणखी एक गोष्ट ओलांडतो, ती डोळ्यांना सहसा कळत नाही. डोंगराच्या पूर्व पायथ्याची ती लांब सरळ दरी म्हणजे सॅन अँड्रियास भ्रंश. १८९५ मध्ये अँड्र्यू लॉसन या भूशास्त्रज्ञाने याच दरीवरून त्या भेगेला नाव दिलं. भेगेच्या पूर्वेचा भाग उत्तर अमेरिकेच्या भूपट्टावर, आणि स्वीनी रिज पॅसिफिक भूपट्टावर. दोन्ही एकमेकांना घासत सरकतात. १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपात इथली जमीन काही फुटांनी सरकली होती. दरीत आता शहराला पाणी देणारे लांबोळके जलाशय आहेत, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचं पिण्याचं पाणी बरोबर भेगेवर साठवलेलं आहे! पोर्तोलाचा तांडा याच दरीने दक्षिणेला गेला, कारण चालायला ती सोपी, सरळ वाट होती. भेगांनी कुरतडलेला खडक झिजतो आणि दरी होते, हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

माथ्यावर गोलाकार काळ्या ग्रॅनाइटची एक शिळा आहे. तिच्या कडेने समोर दिसणाऱ्या डोंगरांची रेषा कोरलेली आहे आणि त्यावर नावं. उत्तरेला टॅमलपायस, पूर्वेला डायब्लो, समुद्रात फॅरलोन. दगडावरची रेषा आणि क्षितिजावरची रेषा जुळवत शिळेभोवती फिरायचं. खाली विमानतळाच्या धावपट्ट्या दिसतात. आपण याच धावपट्ट्यांवर उतरलो हे आठवून गंमत वाटते. धारेवरून थोडं पुढे गेलं की शीतयुद्धाच्या काळातल्या रडार तळाच्या खुणा लागतात. शेजारच्या मिलाग्रा रिजवर नाइके क्षेपणास्त्रं होती आणि त्यांना दिशा देणारं रडार इथे. १९७४ मध्ये तो तळ बंद झाला. खाडी दिसते म्हणून पोर्तोला इथे थबकला, आकाश दिसतं म्हणून लष्कर.

एका महामार्गाचा आराखडाही या धारेवरून पॅसिफिकाकडे जात होता. तो झाला नाही. १९८४ मध्ये स्वीनी रिज राष्ट्रीय उद्यानाच्या क्षेत्रात आली, म्हणून आज आपण तिथे पायी जाऊ शकतो.

जायचं असेल तर सप्टेंबर ते नोव्हेंबर हा काळ निवडावा. उन्हाळ्यात गेलात तर धुकं विरण्याची वाट पाहून उशिरा निघावं. वर पाणी मिळत नाही, ते बरोबर घ्यावं, आणि खाली कितीही ऊन असलं तरी वाऱ्यासाठी एक जाकीट. झुडपांत हात घालू नये. तिथे पॉयझन ओक नावाची वनस्पती आहे, एका देठाला तीन पानं, शरदात लालभडक आणि दिसायला सुंदर. ती आपल्या बिब्ब्याच्या कुळातली. बिब्बा उततो म्हणजे काय हे ज्याने भोगलं आहे, त्याला अधिक सांगायला नको. ज्यांना गुडघ्यांची तक्रार आहे त्यांनी अर्ध्या वाटेवरून परतलं तरी चालेल, मागे वळलं की खाडी तिथूनही दिसते.